थेंबभर औषध आणि वेळेचे भान

डोळे आले की कपाटातील जुनी बाटली शोधावी, ती न सापडल्यास औषधाच्या दुकानातून ‘डोळ्यांचे थेंब’ मागून आणावेत आणि मुलाचा कान वाहू लागला तर त्यात कोमट तेल सोडावे, हा अनेक घरांतील शिरस्ता आहे. वरून घातलेले औषध पोटात जात नाही, तेव्हा त्याचा अपाय तो काय होणार, अशी त्यामागील समजूत. ती जितकी सोयीची, तितकीच घातक आहे.

प्रतिजैविकाच्या थेंबांचे सामर्थ्य मोठे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या 0.3 टक्के थेंबांत दर मिलिलिटरला 3000 मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची 500 मिलिग्रॅमची गोळी घेतल्यास रक्तात त्याचे प्रमाण मिलिलिटरला जेमतेम दोन-तीन मायक्रोग्रॅम भरते. रोगाच्या जागी हजारपट औषध आणि उरलेल्या शरीराला जवळजवळ तोशीस नाही, असा हा लाभ आहे. मात्र त्याला दोन अटी आहेत. रोग जिवाणूंचा असला पाहिजे आणि औषध त्या जागेपर्यंत पोहोचले पाहिजे.

2023 च्या पावसाळ्यात आळंदीत मोठ्या प्रमाणावर दिसलेली डोळ्यांची साथ पाहता पाहता राज्यभर पसरली. अशा साथी बहुधा अ‍ॅडिनो विषाणूमुळे येतात. विषाणूवर प्रतिजैविकाची मात्रा चालत नाही; स्वच्छता पाळली की असे डोळे साधारणतः एक-दोन आठवड्यांत आपोआप निवळतात. खरा धोका प्रतिजैविकात स्टेरॉईड मिसळलेल्या थेंबांचा आहे. त्यांनी लाली झटकन उतरते आणि रोगी समाधान पावतो. परंतु बुबुळावर नागिणीच्या जातीचा विषाणू किंवा बुरशी असेल तर ती त्याच आडोशाने फोफावते. दीर्घकाळ वापर झाल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो.

कानाच्या बाबतीत दुसरी अट महत्त्वाची ठरते. पडद्याला छिद्र पडून कान वारंवार वाहत असेल, तर कापसाच्या वातीने पू टिपून कान कोरडा करावा आणि मग क्विनोलोन गटातील थेंब घालावेत, हा मान्यताप्राप्त उपचार आहे. पू न टिपता घातलेले थेंब पुवावरच तरंगत राहतात. फुटलेल्या पडद्यातून निओमायसिन वा जेंटामायसिनचे थेंब आत उतरल्यास श्रवणशक्तीलाच बाधा पोहोचण्याचा संभव असतो. पडदा शाबूत असून त्यामागे ठणका असेल, तर थेंब तेथे पोहोचतच नाहीत. कानामागे सूज आणि अंगात ताप असेल, तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे.

नाशिक जिल्ह्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. इगतपुरी-पेठकडे भाताचे कुसळ आणि निफाड-दिंडोरीकडे छाटणीच्या वेळी उसळलेली द्राक्षाची काडी डोळ्याला लागणे, हे शेतमजुराच्या नित्याच्या अनुभवातले आहे. ओरखडा क्षुल्लक वाटतो, त्यात जंतू शिरतात, व्रण होतो आणि शेवटी डोळ्यात फूल पडते. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात ग्रामीण आरोग्यसेवकांच्या मदतीने 34,902 लोकांवर दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. बुबुळावर ओरखडा उठलेल्या 442 जणांना क्लोरॅम्फेनिकॉलचे 1 टक्का मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस लावले गेले. त्यांपैकी 424 जण व्रण न होता बरे झाले आणि 18 तासांच्या आत मलम मिळालेल्या एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचे मर्म औषधाच्या किमतीत नसून वेळेत आहे.

औषध नियमांच्या अनुसूची ‘एच’मध्ये त्वचेवर लावण्याच्या औषधांना सूट दिलेली असली, तरी डोळ्यांची आणि कानाची औषधे त्या सवलतीतून मुद्दाम वगळली आहेत. म्हणजे अनुसूचीतील औषधांचे थेंब चिठ्ठीवाचून विकणे नियमाला धरून नाही. हा नियम पाळला जावा, विशेषतः स्टेरॉईडयुक्त थेंबांबाबत, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु ज्या पाड्यावरून डॉक्टरपर्यंत पोहोचण्यातच दिवस मोडतो, तेथे केवळ निर्बंधाने डोळा वाचणार नाही. भक्तपूरच्या धर्तीवर आशा सेविकांना ओरखडा ओळखण्याचे शिक्षण द्यावे, त्यांच्या हाती स्टेरॉईडविरहित साधे मलम द्यावे आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसताच रोग्याला तडक नेत्रतज्ज्ञाकडे धाडण्याची व्यवस्था करावी. शिक्षकांनीही एवढे सांगावे की, उघडलेली बाटली महिन्याभरानंतर टाकून द्यायची असते आणि एकाचे थेंब दुसऱ्याच्या डोळ्यात घालायचे नसतात. शहरात कारणाशिवाय ओतले जाणारे औषध खेड्यात कारण असूनही मिळत नाही. ही विसंगती दूर करणे फारसे खर्चाचे काम नाही.