रिफेक्टरीच्या रांगेतलं गणित

"मामा, एमएस्सीला स्कोप आहे का?"

भाची नाशिकला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय गणित. ताईचं म्हणणं, एमबीए कर. शेजारच्या काकांचं म्हणणं, डेटा सायन्स. मी स्वतः पुणे विद्यापीठातून गणितात एमएस्सी केलेला, त्यामुळे या विषयात माझं मत घरात आधीच बाद. म्हणून मत द्यायच्या भानगडीत न पडता तिला घेऊन सरळ गणेशखिंडीत आलो.

फाटकातून आत शिरलं की बाहेरच्या चौकातला गोंगाट मागे पडतो आणि वडा-पिंपळाची सावली सुरू होते. चारशे एकरांच्या वर पसरलेलं हे आवार. मधली मनोऱ्याची मुख्य इमारत म्हणजे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम. बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत, १८६४ साली तिचं काम सुरू झालं. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडला गाठलं, तेव्हा तो इथल्याच समारंभातून परतत होता. १९४९ मध्ये विद्यापीठ सुरू झालं आणि गव्हर्नरच्या घराचं शाळेत रूपांतर झालं, असं आमचे एक सर म्हणायचे. पहिले कुलगुरू मु. रा. जयकर. ग्रंथालयाला आजही त्यांचं नाव आहे. २०१४ पासून विद्यापीठ सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने ओळखलं जातं. रिक्षावाल्याला मात्र अजून नुसतं 'विद्यापीठ' म्हटलेलं पुरतं.

गणिताचं आणि या विद्यापीठाचं नातं तसं जुनं. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पु. परांजपे, १९५६ ते १९५९ इथले कुलगुरू होते. त्याआधी १९५३ मध्ये गणित आणि संख्याशास्त्र यांचा विभाग उभा करायला कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार आले. केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीजच्या हाताखाली शिकलेला, संख्याशास्त्रातलं जगभर नाव असलेला हा माणूस. पुढे त्यांना पद्मभूषणही मिळालं. आज गणित आणि संख्याशास्त्र यांचे विभाग वेगळे आहेत, दोन्हींच्या एमएस्सी वेगळ्या आहेत. तरी 'गणित केलं काय न् स्टॅट्स केलं काय' असं म्हणणारे पालक दरवर्षी भेटतात.

आणखी एक गंमत. इथली गणिताची पदवी एमए/एमएस्सी अशी जोडनावाने चालते. बीए करून आलेला एमए होतो, बीएस्सीवाला एमएस्सी. वर्ग तोच, फळा तोच, पेपरही तोच. लग्नाच्या बाजारात एमएस्सीला चार गुण जास्त पडतात, एवढाच काय तो फरक.

भाचीला मी पहिल्या सत्रातली माझी फजिती सांगितली. बीएस्सीला गणितात पैकीच्या पैकी घेऊन आलो होतो. पहिल्याच चाचणीत प्रश्न होता: कोणत्याही दोन वेगळ्या वास्तव संख्यांच्या मध्ये परिमेय संख्या असतेच, हे सिद्ध करा. मी झटक्यात लिहिलं, दोघींची सरासरी घ्या. मिळाला भोपळा. सरांनी समासात फक्त √२ आणि √३ लिहिलं होतं. त्यांची सरासरी मध्ये पडते खरी, पण ती परिमेय नसते. खरी सिद्धता अशी चालते: दोन संख्यांमधली फट कितीही बारीक असो, तिच्याहून लहान पाऊल घ्या, एक भागिले एक कोटी म्हणा, लागलं तर त्याहूनही लहान. शून्यापासून तशी सारखी पावलं टाकत निघा. पाऊल फटीपेक्षा लहान, त्यामुळे फट ओलांडताना ते एकदा तरी तिच्या आत पडणारच. जिथे पडलं ती परिमेय संख्या. मला ते समजायला आठवडा लागला. बीएस्सीपर्यंत उत्तर काढायचं असतं. एमएस्सीत ते उत्तर आहेच कशावरून, हे दाखवायचं असतं. अनेकांची पहिली सहामाही या धक्क्यातच जाते.

याच्या दुसऱ्या टोकाला एमबीएची सीईटी. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, चुकीला गुणकपात नाही. म्हणजे प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद. कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, खुल्या गटाला पदवीला पन्नास टक्के पुरतात. एका फटीवर आठवडा घालवणाऱ्याने ही परीक्षा द्यायची तर आधी ती सवय मोडावी लागते. आणि गंमत म्हणजे नेटच्या गणिताच्या पेपरात, शेवटच्या भागात, एका प्रश्नाचे दोन-तीन पर्याय बरोबर असू शकतात. सगळे ओळखले तरच गुण, एक राहिला तर शून्य. अर्धवट बरोबर असण्याला तिथे किंमत नाही. नोकरीच्या जगात बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागवायचं असतं.

विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग १९७१ चा. त्याला सगळे 'पुम्बा' म्हणतात. अधिकृत नावाने विचारलं तर पोरं क्षणभर विचारात पडतात. मुंबईत जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्येच सुरू झाली होती. पुण्यात या शिक्षणाला गिऱ्हाईक मिळालं ते पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमुळे. शिफ्ट संपवून संध्याकाळी डीबीएम नाहीतर एमपीएम करणाऱ्यांची इथे एक पिढी होऊन गेली. आमच्या वाड्यातले एकजण टेल्कोच्या बसमधून उतरून तसेच डबा हातात घेऊन वर्गाला जात. आज एमबीएच्या वर्गात सरळ पदवीहून आलेलीच मुलं जास्त दिसतात. माझं स्पष्ट मत: दोन वर्षं कुठेतरी घाम गाळून आलेल्याला एमबीए जेवढं कळतं, तेवढं कोऱ्या पाटीला कळत नाही. ताईला हे पटत नाही.

भौतिकशास्त्राबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण भाचीला प्रयोगशाळेचा कंटाळा. तो नसेल त्याने मात्र या आवाराचा शेजार बघून घ्यावा. नारळीकरांनी उभी केलेली आयुका आवारातच आहे, चार्ल्स कोरियांनी बांधलेली. रेडिओ खगोलाचं केंद्रही इथेच. खोडदच्या तीस मोठ्या अँटेनांची दुर्बीण तेच चालवतं. पाषाणला १९५० पासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि अलीकडची आयसर. प्रकल्पासाठी सायकलवरून जाता येईल, एवढ्या अंतरावर हे सगळं.

एव्हाना साडेबारा वाजले होते. रिफेक्टरीच्या रांगेत उभे राहिलो आणि मला जे सांगायचं होतं ते तिथे सापडलं.

समजा, एका खिडकीवर तासाला सरासरी शंभर ताटं वाढून होतात. येणारे नव्वद. वाटतं, रांग लागायचंच कारण नाही. पण माणसं घड्याळ लावून येत नाहीत आणि वाढणाऱ्याचा हातही एका तालात चालत नाही. या अनियमिततेचा हिशेब मांडला, तर खिडकीपाशी सरासरी नऊजण उभे मिळतात. येणारे पंच्याण्णव झाले की एकोणीस. नव्याण्णव झाले की नव्याण्णव. आणि बरोबर शंभर आले, तर रांग वाढतच जाते, तिला सरासरी अशी उरतच नाही.

भाची म्हणाली, "पण शंभर येतात आणि शंभर जातात ना? मग?" हा गणितवाल्याचा प्रश्न. त्याला रांगेचं सोयरसुतक नसतं. बरोबर शंभरालाच का बिघडतं, यावर तो रात्रभर बसेल. संख्याशास्त्रवाला आधी हिशेबावरच शंका घेईल: तास सुटला की वर्गच्या वर्ग एकदम येतो, मग एकेकटे येतात असं धरलंच कसं? तो दारात वही घेऊन आठवडाभर नोंदी करेल. विद्यापीठात वैज्ञानिक संगणन आणि मॉडेलिंगचाही विभाग आहे. तिथला विद्यार्थी हीच रांग संगणकात हजार वेळा लावून बघेल. आणि पुम्बावाला विचारेल, दुसरी खिडकी उघडली तर तिथल्या माणसाचा पगार कोण देणार? गर्दी तासभराचीच, मग दोन विभागांची जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांनी पुढेमागे का करू नये? फुकटात काम होईल. हे शेवटचं मला गणितवाला असूनही मानावं लागलं.

याच विषयाला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात आणि तो या सगळ्या घरांत येऊन-जाऊन असतो, कुठे सक्तीचा, कुठे ऐच्छिक.

काही रोकड्या गोष्टीही तिला सांगितल्या. सरकारी विभागातली एमएस्सी एमबीएपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. नव्या धोरणात एमएस्सीच्या पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. संशोधन पद्धती आणि कामावरचं प्रशिक्षण अभ्यासक्रमातच आलं आहे. प्राध्यापक व्हायचं तर पुढे नेट किंवा सेट. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट हेच विद्यापीठ घेतं. विभागात नंबर नाही लागला, तर पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांतही एमएस्सी होते. आणि पदवीवाचून गणित अडत नाही: देवळालीचे कापरेकर मास्तर कधी एमएस्सी झाले नाहीत, पण ६१७४ हा आकडा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो.

परतीच्या एसटीत भाचीने वहीच्या मागच्या पानावर रांगेचे आकडे पुन्हा मांडले. संगमनेर येईपर्यंत ती शंभरापाशीच अडकली होती, आणि तास सुटल्यावर येणारा घोळका कसा धरायचा, हेही तिने बाजूला लिहून ठेवलं होतं.

तिने संख्याशास्त्राचा अर्ज भरला आहे. पुढच्या सीईटीचा फॉर्म आला की तोही भरायचा, असं ताईने परस्पर ठरवून टाकलं आहे.