हरण्याला औषध का नाही?

2020 च्या पावसाळ्यात रावेर-यावल पट्ट्यात केळीवर हरण्या पसरला. मृगबागेची टिश्यू कल्चरची रोपं. पोग्यातून येणारं पान चुरगळलेलं, पिवळ्या पट्ट्यांचं. भावाचा रोज फोन, "ताई, पोरांना झाडंच शिकवतेस ना? मग औषध सांग." औषध नाही, हे त्याला पटेना. दुकानात बाटल्या मिळत होत्याच!

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरसचा रोग. या विषाणूची करामत कळायला पेशीत शिरावं लागतं. जनुकाची आरएनए-प्रत निघते, तिच्यावरून प्रथिन बनतं, एवढं दहावीच्या पुस्तकात आहे. 1993 मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत वेगळंच दिसलं. जेमतेम 22 अक्षरांचा एक आरएनए स्वतः प्रथिन बनवत नाही; दुसऱ्या जनुकाच्या प्रतीला चिकटून तिचं काम रोखतो. हाच मायक्रोआरएनए. कृमीतली गंमत म्हणून तो बरीच वर्षं बाजूला पडला. पुढे माणसातही असे शेकड्यांनी सापडले. रक्ताच्या एका कर्करोगात अनेकदा तेराव्या गुणसूत्राचा तुकडा गळतो, त्याबरोबर दोन मायक्रोआरएनए जातात, आणि मरायला हव्यात त्या पेशी जगत राहतात. 2024 चं नोबेल अँब्रोस आणि रव्हकन यांना मिळालं.

वनस्पतीत पानाची वरची बाजू कोणती, खालची कोणती, हे ठरवण्यातही मायक्रोआरएनएचा हात असतो. त्यांना वागवणारं प्रथिन म्हणजे आर्गोनॉट. विषाणूचा आरएनए शोधून कापायचं कामही तेच करतं. हरण्याचा विषाणू '2बी' नावाचं प्रथिन बनवून नेमकं या आर्गोनॉटलाच जखडतो. झाडाचा बचाव संपतो, वर वाढीचं गणितही बिघडतं. प्रयोगशाळेत मोहरीच्या कुळातल्या एका रोपात विषाणू न सोडता फक्त '2बी'चं जनुक घातलं, तरी पानं वेडीवाकडी आली.

आता यावर बुरशीनाशक काय करणार? कीटकनाशकाचाही फारसा उपयोग नाही. विषाणू पसरवणारा मावा हा किडा पानात सोंड खुपसून मिनिटभरात तो देऊन मोकळा होतो. मावा मरतो नंतर. रोगट रोप मुळासकट उपटून नष्ट करायचं, आणि हाच विषाणू बाळगणारी काकडी, भोपळा, मिरची, चवळी केळीच्या आसपास ठेवायची नाही, एवढाच उपाय.

भावाने रोपं उपटली, नांग्या भरल्या. बांधावरचे काकडीचे वेलही काढ म्हटल्यावर मात्र चिडला, "ते तुझ्या वहिनीला सांग. माझी हिंमत नाही."