छापा-काटा आणि ज्युरीची यादी

बी.कॉम.ला संख्याशास्त्राचा पेपर म्हटला की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. त्यातही ‘परिकल्पना चाचणी’, म्हणजेच हायपोथिसिस टेस्टिंग, हे प्रकरण बहुतेक मुले ऑप्शनला टाकतात. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींशी बोलताना आम्हाला नेहमी आढळते, की सूत्र पाठ असते, तक्ता बघता येतो, ‘सबब परिकल्पना नाकारली’ हे शेवटचे वाक्यही बिनचूक लिहिता येते. पण नाकारली म्हणजे नेमके काय केले, असे विचारले की सगळे गप्प! याचे कारण मुलांची बुद्धी नव्हे. या प्रकरणामागचा साधा प्रश्न त्यांना कोणी समजावून सांगितलेला नसतो.

प्रश्न असा आहे : समोर जे दिसते, ते निव्वळ योगायोगाने घडले असेल काय?

नाण्याचा हिशेब

समजा, कोणी एक नाणे दहा वेळा उडवले आणि आठ वेळा छापा पडला. नाणे खोटे आहे असे म्हणावे काय? संख्याशास्त्र एकदम आरोप करीत नाही. नाणे खरे आहे, छापा आणि काटा यांना समान संधी आहे, असे ते घटकाभर धरून चालते. यालाच शून्य परिकल्पना म्हणतात. मग ते हिशेब मांडते. दहा वेळा नाणे उडवले तर छापा-काट्याचे एकूण १०२४ प्रकार होतात. त्यांपैकी ५६ प्रकारांत आठ किंवा त्याहून अधिक छापे येतात. म्हणजे शेकडा साडेपाचच्या आसपास. अठरा-एकोणीस जणांनी खरी नाणी दहा-दहा वेळा उडवली, तर त्यांतल्या एखाद्याला एवढे छापे सहज पडतील. तेव्हा एवढ्यावरून कोणाला लबाड ठरवणे बरे नव्हे.

आता नाणे शंभर वेळा उडवले आणि ऐंशी छापे पडले, असे धरू. टक्का तोच, शेकडा ८०. पण गोष्ट पार बदलली. अपेक्षा ५० छाप्यांची. खऱ्या नाण्याचाही आकडा बरोबर ५० वर थांबत नाही, थोडा मागेपुढे होतोच. तो साधारण किती मागेपुढे होतो याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. शंभर गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे २५; त्याचे वर्गमूळ ५. आपला आकडा अपेक्षेपासून ३० ने, म्हणजे सहा प्रमाण विचलने दूर गेला. योगायोगाने एवढे अंतर पडणे जवळजवळ अशक्य आहे. येथे शून्य परिकल्पना नाकारायची.

किती अंतराला फार म्हणावे? इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात शेकडा ५ ची मर्यादा सोयीची म्हणून सांगितली. दोन्ही बाजू धरून सुमारे दोन प्रमाण विचलने. हा काही निसर्गाचा नियम नाही, रुळलेली रीत आहे. पुढे १९३३ मध्ये जेर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी दोन प्रकारच्या चुकांचा विचार पक्क्या पायावर मांडला. खरे नाणे खोटे ठरवणे ही एक चूक आणि खोटे नाणे खरे म्हणून सोडून देणे ही दुसरी. या दोघांच्या मार्गदर्शनाखाली लंडनला अभ्यास केलेल्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे होते, हे आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

टेक्सासचा खटला

हे शास्त्र केवळ नाण्यांसाठी नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून हिडाल्गो नावाचा परगणा आहे. १९७० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्येत मेक्सिकन-अमेरिकन लोक शेकडा ७९.१ होते. एखाद्यावर खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही, हे तेथे ग्रँड ज्युरी ठरवीत असे. तिची यादी चिठ्ठ्या टाकून होत नसे. न्यायाधीश तीन ते पाच आयुक्त नेमत, आणि हे आयुक्त आपल्या पसंतीने माणसे निवडत.

१९६२ ते १९७२ या ११ वर्षांत ८७० जणांना ग्रँड ज्युरीसाठी बोलावले गेले. त्यांत मेक्सिकन-अमेरिकन होते ३३९. पार्टिडा नावाच्या आरोपीने हाच मुद्दा घेऊन दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

न्यायालयाने नाण्याचाच हिशेब केला. निवड योगायोगावर सोडली असती, तर ८७० च्या ७९.१ टक्के, म्हणजे सुमारे ६८८ जण यायला हवे होते. प्रमाण विचलन निघते १२. प्रत्यक्ष फरक ३४९ चा, म्हणजे २९ प्रमाण विचलनांचा! दोन-तीनच्या पुढे गेले तरी संशय घ्यावा, असे निकालपत्राच्या टिपेत नमूद आहे. येथे तर २९.

यावर कोणी म्हणेल, की ज्युरीसाठी लिहिता-वाचता येण्याची अट होती. सगळी लोकसंख्या कशी मोजता? आक्षेप योग्य आहे. कोणाशी तुलना करायची, हे ठरवण्यातच अर्धे संख्याशास्त्र असते. पण शाळेचे तोंड न पाहिलेले लोक वगळले तरी प्रमाण शेकडा ६५ राहत होते. त्या हिशेबाने ५६५ च्या आसपास अपेक्षा येते, आणि फरक तरीही १६ प्रमाण विचलनांचा भरतो.

दुसरा आक्षेप असा होता, की पाचांपैकी तीन आयुक्त मेक्सिकन-अमेरिकनच होते; ते आपल्याच लोकांना कसे डावलतील? न्यायालयाने हे मानले नाही. आपला माणूस आपल्यावर अन्याय करणारच नाही, असे कायदा गृहीत धरू शकत नाही, असे सांगितले. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी तर वेगळे मत लिहून दाखवून दिले, की दबलेल्या समाजातील माणूस पुष्कळदा आपल्याच लोकांपासून अंतर राखू पाहतो. हे वाचताना आमच्या वाचकांना आपल्या आसपासचे काही चेहरे आठवले, तर नवल नाही. मार्च १९७७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल पार्टिडाच्या बाजूने लागला.

आकडा काय सांगत नाही

निकालाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पार्टिडा निर्दोष आहे असे आकड्यांनी सांगितले नाही. कोणत्या आयुक्ताच्या मनात काय होते, हेही सांगितले नाही. आकडा एवढेच म्हणाला, की ‘सहज असे झाले’ ही सबब चालणार नाही. मग उत्तर देण्याची जबाबदारी सरकारवर आली. सरकारने आयुक्तांना साक्षीलासुद्धा बोलावले नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. चाचणीत परिकल्पना नाकारता आली नाही, म्हणून सारे न्याय्य आहे असे सिद्ध होत नाही. पाच जागांवर आपला एकही माणूस नसेल, तर आकडा लहान असल्याने हिशेब काहीच ठामपणे बोलू शकत नाही. तेथे कागदपत्रे आणि साक्षी शोधाव्या लागतात.

आमचे तरुण कार्यकर्ते भरती, बढती, घरकुलाच्या याद्या यांबद्दल निवेदने देतात. ‘आमच्यावर नेहमीच अन्याय होतो’ या वाक्यावर साहेब मान हलवतो आणि कागद फाइलला लावतो. त्याऐवजी चार आकडे मांडावेत : पात्र किती होते, निवडले किती, त्यांत आपले किती अपेक्षित होते, प्रत्यक्ष आले किती. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने असे आकडे मागता येतात. एका वर्षाचे न घेता पाच-दहा वर्षांचे घ्यावेत. मात्र एक पथ्य पाळावे. वीस कार्यालये धुंडाळून त्यांतले सर्वांत वाईट तेवढे पुढे करू नये. वीस नाणी उडवली तर एखादे विचित्र पडणारच. प्रश्न आधी ठरवावा, मोजणी नंतर करावी, आणि आकडा आपल्या विरुद्ध गेला तर तोही मान्य करावा.

घरातल्या मुलाने वा मुलीने हे प्रकरण ऑप्शनला टाकले असेल, तर पालकांनी या रविवारी त्यांच्यासोबत बसून एक रुपयाचे नाणे शंभर वेळा उडवावे आणि वहीत मांडावे. तासाभराचे काम आहे.