हौशी छायाचित्रण मंडळ : जन्म, जडणघडण आणि मर्यादा

मंडळ म्हणजे काय

उपजीविकेसाठी नव्हे, तर आवडीपोटी छायाचित्रे काढणाऱ्यांनी वर्गणी भरून चालवलेली स्वयंसेवी संस्था म्हणजे हौशी छायाचित्रण मंडळ. येथे 'हौशी' हा शब्द दर्जा सांगत नाही, हेतू सांगतो. हौशी रंगभूमीतील 'हौशी'चा अर्थ तोच आहे. अशा मंडळाची कामे चार : साधने सामाईक वापरणे, तंत्राची देवाणघेवाण करणे, सहली काढणे आणि एकमेकांची छायाचित्रे तपासणे. पावणेदोनशे वर्षांत तंत्र बदलत गेले, तशी पहिली तीन कामे पालटली किंवा मागे पडली. चौथे काम मात्र टिकले. मंडळाचा इतिहास समजण्याची किल्ली या चौथ्या कामात आहे.

मंडळे केव्हा आणि का जन्मली

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला, पण मंडळांची लाट आली ती १८५० नंतर. कारण तांत्रिक होते, तसेच कायदेशीरही. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४१ मध्ये आपल्या कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये काचेवर निगेटिव्ह घेण्याची कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. १८५२ मध्ये टॅलबट यांनीही हौशी व्यक्तींपुरते आपले निर्बंध सैल केले. पाठोपाठ जानेवारी १८५३ मध्ये लंडनची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. ज्ञान खुले झाले की ते वाटून घेण्यासाठी संस्था लागते, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

मुंबईतील आरंभ

लंडननंतर दोन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भारतातील ही अशी पहिली संस्था; कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था १८५६ मधील. लष्करी अधिकारी, वैद्य, अभियंते आणि व्यापारी असा तिचा सभासदवर्ग होता. सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्य तर होतेच, शिवाय स्वतः छायाचित्रे काढत. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या या पिढीला रसायने परकी नव्हती. त्यामुळे वैद्यक आणि छायाचित्रण यांची सांगड सहज बसली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळवलेले हरिश्चंद्र चिंतामण याच वर्गातून पुढे आले. मंडळ, महाविद्यालय आणि बाजारातील स्टुडिओ हे तिन्ही घटक एकमेकांना माणसे आणि ज्ञान पुरवत होते.

ओल्या काचेची शिस्त

त्या काळी मंडळाची गरज किती होती, हे कोलोडियनची कृती पाहिल्यावर कळते. स्वच्छ काचेवर चिकट कोलोडियन समान पसरवायचे. ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून प्रकाशसंवेदी करायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून छायाचित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात नेऊन विकसित करायचे. काच वाळली की तिची संवेदना जवळजवळ संपते. काही मिनिटांचाच हा अवकाश मुंबईच्या उन्हाळ्यात आणखी आकसत असे. द्रावण गरम होई, त्यात धूळ पडे आणि काचेवर डाग उमटत. इंग्लंडमधील पुस्तकांत थंड हवेची प्रमाणे दिलेली असत, ती येथे जशीच्या तशी चालत नसत. स्थानिक अनुभवांची नोंद ठेवणे आणि सभेत ती मांडणे हाच त्यावर उपाय होता. मुंबईच्या सोसायटीने स्वतःचे नियतकालिकही काढले.

छापील फलित : एक अल्बम

मुंबईच्या सोसायटीच्या आश्रयाखाली विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात 'दि इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' प्रसिद्ध केला. त्याचे २४ अंक निघाले. प्रत्येक अंकात मूळ छायाचित्रांच्या तीन प्रती आणि त्यांविषयीचा मजकूर असे. त्या वेळी छायाचित्र मजकुराबरोबर छापता येत नसल्याने एकेक प्रत सूर्यप्रकाशात तयार करून पानावर चिकटवावी लागे. याच कामातून पुढे जॉन्सन यांचा मुंबईतील जातीजमातींवरचा दोन खंडांचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये निघाला. त्यातील अनेक चित्रांत माणसांची छायाचित्रे वेगळी घेऊन ती दुसऱ्या दृश्याच्या पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत. छायाचित्राची जुळणी संगणकाबरोबर आली, हा समज या ग्रंथामुळे खोटा ठरतो. जातीजमातींचे असे वर्गीकरण वसाहतीच्या राज्यकारभारालाही उपयोगी होते. हौस आणि सत्ता येथे एकाच पानावर भेटतात.

सभासदत्व आणि सत्ता

मंडळाच्या खोलीत सर्व सभासद समान असतात, हे तत्त्व सुरुवातीपासूनच कसोटीला लागले. कलकत्त्याच्या सोसायटीत विद्वान राजेंद्रलाल मित्र पदाधिकारी होते. १८५७ मध्ये एका जाहीर सभेत त्यांनी युरोपीय मळेवाल्यांच्या वर्तनावर कठोर टीका केली. भाषणाचा छायाचित्रणाशी काहीही संबंध नव्हता, तरी त्या भाषणासाठी त्यांना सोसायटीतून काढून टाकण्यात आले. हौशी मंडळ बाहेरच्या समाजापासून अलिप्त राहू शकत नाही, हे या घटनेने दाखवले. कोणाला प्रवेश मिळतो, कोणाचे चित्र भिंतीवर लागते आणि कोण परीक्षक होतो, हे प्रश्न कलेचे जितके, तितकेच समाजव्यवस्थेचे आहेत.

सुकी काच, कोडॅक आणि कलेचा आग्रह

रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या सुक्या काचेची कल्पना मांडली. काच आधी तयार करून ठेवता येऊ लागली आणि सोबत वाहून न्यायचा अंधारी तंबू सुटला. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी शंभर छायाचित्रांचे फिल्मचे गुंडाळे भरलेला कोडॅक कॅमेरा विक्रीस आणला. गुंडाळे संपले की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. बाकीचे सर्व काम कंपनी करी. रसायनशास्त्र न जाणणारी व्यक्तीही आता छायाचित्रे काढू शकत होती. मग जाणकार हौशी लोकांनी स्वतःला वेगळे कसे मानायचे? उत्तर होते 'कला'. १८९२ मध्ये लंडनमध्ये लिंक्ड रिंग हा कलावादी छायाचित्रकारांचा गट स्थापन झाला. मुंबईचे पारशी छायाचित्रकार शापूर भेदवार यांना त्यात स्थान मिळाले. चित्रकलेसारखी रचना, मृदू प्रकाश आणि हाताने संस्कारित केलेली प्रत ही या पंथाची लक्षणे होती. या पंथाला पिक्टोरिअलिझम म्हणतात. १९३२ मध्ये जे. एन. ऊनवाला यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे या मंडळाने हे नाव थेट स्वीकारले. आजही भारतीय स्पर्धांत धुके, तिरपी किरणे आणि एकाकी मानवी आकृती यांना जो मान मिळतो, त्याचे मूळ येथे आहे.

वर्गणीतील डार्करूम

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आयातीवर कडक निर्बंध होते. चांगला कॅमेरा दुर्मीळ होता आणि फिल्म जपून वापरावी लागे. बडोद्यात तयार होणारा अग्फा क्लिक थ्री हा अनेक मध्यमवर्गीय घरांतला पहिला कॅमेरा ठरला. त्यात १२० क्रमांकाच्या एका रोलवर बाराच छायाचित्रे निघत. पुढे उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म बाजारात आली. अशा काळात एन्लार्जर, ट्रे आणि रसायने वर्गणीतून घेऊन ती सर्वांनी वापरणे, हा मंडळाचा सर्वांत ठोस लाभ होता.

डार्करूममधील काम ठरलेल्या क्रमाने चाले. एन्लार्जरखाली ब्रोमाइड कागदावर निगेटिव्हचा प्रकाश मोजून काही सेकंद पाडायचा. मग कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सरकवून ट्रे हलकेच हलवत राहायचे. लाल दिव्याच्या मंद उजेडात प्रथम काहीच दिसत नाही. मग गडद भाग उमटतात : केस, दाराची चौकट, झाडाचे खोड. चेहऱ्याचा उजळ भाग सर्वांत शेवटी येतो. त्यानंतर प्रक्रिया थांबवणारे आम्लद्रावण, मग प्रतिमा स्थिर करणारा हायपो आणि शेवटी वाहत्या पाण्यात दीर्घ धुलाई. हायपो नीट धुतला गेला नाही, तर काही वर्षांत प्रत पिवळी पडते. नवख्या सभासदाचा कागद ट्रेमधून लवकर उचलला जाऊ नये, म्हणून शेजारी एखादा जुना सभासद उभा असे. छायाचित्रणातील संयमाचे शिक्षण या शेजारातून होत असे.

मासिक सभा

मंडळाचे सामाजिक जीवन मासिक सभेभोवती फिरते. एक विषय आधी जाहीर होतो, उदाहरणार्थ 'पाऊस', 'हात' किंवा 'बाजार'. सभासद आपली छायाचित्रे आणतात. पूर्वी माउंटवर चिकटवलेल्या प्रती आणत, आता बहुधा पडद्यावर दाखवण्याच्या फायली आणतात. छायाचित्रकाराचे नाव जाहीर न करता चित्र समोर ठेवले जाते आणि चर्चा चित्राच्याच अंगाने होते : नजर प्रथम कोठे जाते, कोपऱ्यातील पांढरा ठिपका लक्ष वेधतो का, आकाश कापले असते तर काय झाले असते. चर्चेनंतर नाव सांगितले जाते. बँकेतील कारकून, शल्यविशारद, शिक्षक आणि दुकानदार अशा एरवी क्वचितच एकत्र येणाऱ्या व्यक्ती एकाच चित्रावर समान अधिकाराने बोलतात. पहाटेच्या सहली, भिंतीवरचे वार्षिक प्रदर्शन आणि सभेनंतरचा चहा या सगळ्याला अर्थ येतो तो याच संभाषणामुळे.

सलोन : मंडळाबाहेरची कसोटी

छायाचित्रांच्या निवडक खुल्या प्रदर्शनाला सलोन म्हणतात. अनेक देशांच्या संघटनांना जोडणारा फियाप हा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला आणि त्या दशकाच्या आरंभी भारतीय मंडळांचाही महासंघ उभा राहिला. बंगळूरचे डॉ. जी. थॉमस या चळवळीतील प्रमुख संघटक. भारतीय छायाचित्रणाचा त्यांचा इतिहास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. सलोनमध्ये एकरंगी, रंगीत, निसर्ग, प्रवास असे विभाग असतात आणि प्रत्येक विभागात साधारणतः चार छायाचित्रे पाठवता येतात. तीन किंवा अधिक परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात. बेरीज ठरावीक मर्यादेवर गेली की चित्र 'स्वीकृत' होते. अशा स्वीकृतींची संख्या वाढत गेली की एएफियाप, ईएफियाप यांसारख्या उपाध्या मिळतात. या पद्धतीमुळे लहान गावातील सभासदाचे चित्रही जगभरच्या परीक्षकांपुढे जाते.

नियम आणि सत्य

निसर्ग विभागाचे नियम विशेष कडक आहेत. चित्रात भर घालणे, त्यातील वस्तू काढून टाकणे किंवा दोन चित्रे जोडणे निषिद्ध असते. मानवनिर्मित गोष्टी मोजक्या अपवादांतच चालतात आणि प्राण्याचे हित छायाचित्रापेक्षा वर मानले जाते. खुल्या विभागांत मात्र जुळणीला बहुधा मुभा असते. १८६३ च्या ग्रंथातील जोडलेल्या पार्श्वभूमीपासून सुरू झालेला प्रश्न येथे नियमांच्या भाषेत उतरलेला दिसतो : चित्र हा पुरावा आहे की रचना? दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत, पण कोणते उत्तर गृहीत धरले आहे, हे आधी सांगणे बंधनकारक आहे.

मर्यादा

गुणांची पद्धत मोजमाप सोपे करते, पण त्याबरोबर अनुकरणही वाढवते. ज्या प्रकारच्या चित्राला पदक मिळते, तेच चित्र पुन्हा पुन्हा काढले जाते. एकाच सहलीत एकाच म्हाताऱ्या चेहऱ्यावर किंवा एकाच धुरकट दारावर दहा कॅमेरे रोखले गेले, तर दहा स्वीकृती मिळतील, पण नजर एकच राहील. ज्यांची छायाचित्रे घेतली जातात, त्या ग्रामीण आणि कष्टकरी माणसांना सभेत क्वचितच जागा असते, हा दोष अधिक गंभीर आहे. महाग लेन्स, प्रवेशशुल्क आणि मोठ्या शहरांतील केंद्रीकरण यांमुळे सभासदत्वाचा पायाही अरुंद होतो. १८५७ मधील प्रवेशाचा प्रश्न वेगळ्या रूपात आजही शिल्लक आहे.

मोबाइलनंतरचे मंडळ

मोबाइलमधील कॅमेऱ्याने साधनांची टंचाई संपवली आणि तंत्राची माहिती सर्वत्र मोफत मिळू लागली. मंडळाचे सामाईक डार्करूम, रसायनांचे प्रमाण आणि उसना एन्लार्जर ही तिन्ही कारणे त्यामुळे नाहीशी झाली. तरीही मंडळे चालू आहेत, कारण समाजमाध्यमांवर कौतुकाची खूण मिळणे आणि चित्र पाहिले जाणे यांत अंतर आहे. खूण एका क्षणात उमटते आणि चित्र का जमले किंवा का फसले, हे सांगत नाही. मासिक सभेत मात्र एकाच छायाचित्रावर दहा माणसे काही मिनिटे थांबतात, असहमत होतात आणि कारणे देतात. ओल्या काचेच्या काळी चुकलेल्या द्रावणाची नोंद सभेत मांडली जाई. आता चुकलेल्या नजरेची मांडली जाते. पुढच्या महिन्यात तोच सभासद त्याच दारापाशी उभा राहतो, एक पाऊल डावीकडे सरकतो आणि कोपऱ्यातला तो पांढरा ठिपका चौकटीबाहेर ठेवतो.