तलवार खाली ठेवल्यानंतर

मराठी कादंबरीत शौर्य आलं ते गडावरून. गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने 1871 मध्ये ती वाट पाडली, आणि 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' लिहून हरिभाऊ आपट्यांनी तिचा राजरस्ता केला. धाडस म्हणजे तलवार, घोडा, काळोखात चढलेला कडा, हे समीकरण वाचकांच्या मनात पक्कं बसलं.

पण याच हरिभाऊंनी 1890 मध्ये 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो?' सुरू केली होती. तिच्यातली यमू काहीच जिंकत नाही. मुंबईत नवऱ्याजवळ थोडे मोकळे दिवस मिळतात, नवरा जातो, आणि मग केशवपन. तिचं धाडस एवढंच की हे सगळं ती स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवते. घरातल्या मोठ्यांना झाकत नाही. घरातली गोष्ट घरातच राहावी अशी सक्त शिकवण असलेल्या मुलीनं असं लिहावं, याला मी कडा चढण्याहून कमी मानत नाही.

गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकाकडे (1899) मागे वळून पाहताना मात्र मन अडखळतं. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरलेलं लग्न मोडतं ते सगोत्र विवाहाच्या आक्षेपामुळे. देवलांची कळकळ खरीच होती, पण शारदेचा नकार एकट्यानं ते लग्न मोडू शकत नव्हता. हा नकार 1930 नंतर विभावरी शिरूरकरांकडे येतो. 'हिंदोळ्यावर'मधली अचला परित्यक्ता असूनही पुन्हा प्रेमाचा, संसाराचा आणि मातृत्वाचा हक्क मागते. लेखिकेला मात्र टोपणनावाआड राहावं लागलं होतं. त्यांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहावर उठलेलं वादळ पाहता ते समजण्यासारखं आहे.

खरा बहर पुढचा. 1959 मध्ये अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' आला आणि तलवार परत आली, पण ती राज्यासाठी नव्हती. उपासमारीनं माणसं मरू लागली म्हणून फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो. शेवटी इंग्रज त्याच्या माणसांना कोंडतात, तेव्हा त्यांच्या जिवासाठी तो आपणहून स्वाधीन होतो. मला लुटीपेक्षा ही शरणागती मोठी वाटते. बापाकडून आलेला पराक्रमाचा वारसा सांगणाऱ्या माणसाला हत्यार खाली ठेवणं किती जड गेलं असेल!

पुढच्याच वर्षी उद्धव शेळक्यांची 'धग' आली. तिच्यातल्या कौतिकशी माझं मन सर्वात जास्त गुंतलं आहे. वऱ्हाडातली ही बाई. नवरा महादेव कर्तृत्वहीन, पुढे त्याला महारोग जडतो. मोठा भीमा हाताबाहेर गेलेला. नामानं शिकावं म्हणून कौतिक राबते. तिच्यासमोर शत्रू असा कुणी नाही, ज्याच्यावर चालून जावं असा गड नाही. उद्याची भाकरी आहे. ती मोडली की परवाची. ती बंड करत नाही, भाषण करत नाही, दैवालाही फार बोल लावत नाही. अखेरीस तिचं मन ढासळतं. शेळक्यांनी तिला कुठलंही बक्षीस दिलं नाही, सहनशीलतेचा गौरव करून वाचकाला मोकळंही केलं नाही. हा लेखकाचा कणखरपणा मला फार मोलाचा वाटतो. बाईच्या सोसण्याची आरती करण्याची आपल्याला सवय आहे, आणि 'धग' ती करू देत नाही.

1963 मध्ये बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती'नं आणखी अवघड प्रश्न टाकला. जात उघड सांगून अंगावर येणाऱ्याला भिडणारा काशीनाथ आणि जात लपवून नोकरी टिकवू पाहणारा निवेदक, यांतल्या दुसऱ्याला भित्रा म्हणणं मला जमत नाही. रोज भीती पोटात घेऊन कामावर जायलाही छाती लागते.

आणि 1967 मध्ये तेंडुलकरांची लीला बेणारे रंगभूमीवर आली, सुलभा देशपांडे यांच्या रूपानं. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधला खेळकर अभिरूप खटला हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यावर उतरतो. तिच्या पोटातल्या मुलाचे वडील, प्राध्यापक दामले, रंगमंचावर येतच नाहीत. बोट फक्त तिच्याकडे. पोटातल्या मुलाला बाप मिळावा म्हणून तिनं ज्यांच्यापुढे लग्नाचा विषय काढला, तेच तिच्याविरुद्ध साक्ष देतात. तिचं प्रदीर्घ स्वगत सुरू होतं तेव्हा बाकीचे थिजलेले असतात. ती बोलते, पण त्या कोर्टातलं कुणी ऐकत नाही. ऐकतो तो फक्त समोरचा प्रेक्षक. यमूनं जे कागदावर ठेवलं ते बेणारेनं भर कोर्टात मांडलं, आणि तिचाही खटला ती हरली.