पहिले स्कीइंग, आणि नियमही अभंग

स्कीइंग प्रथमच शिकणाऱ्या कुटुंबाने उताराची कीर्ती नव्हे, सौम्यता पाहावी. स्वित्झर्लंडमधील वेंगेन या कसोटीस उतरते. १२७४ मीटर उंचीवरील या मोटारविरहित गावी लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळावरची गाडी चढते. ही रेल्वे १८९३ पासून धावते. झुरिचहून बर्न, इंटरलाकेनमार्गे सारा प्रवास रेल्वेनेच होतो. नवशिक्यांचा उतार गावातच असल्याने नातवंडे शिकत असता आजी-आजोबाही जवळ राहू शकतात.

मात्र डिसेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी शिकवणी सकाळचीच घ्यावी. तेथील रोश्टी बटाट्याची, तर अनेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असते. म्हणून हॉटेलापेक्षा स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. मग आनंदासाठी व्रताशी तडजोड करावी लागत नाही.