अल्पमुदतीचे जलरंग-स्थिरचित्र : निर्णयांचा क्रम आणि कागदातील ओलावा

ठराविक मुदतीत पुरे करावयाच्या जलरंगातील स्थिरचित्राविषयी बोलताना सामान्यतः चित्रकाराच्या हाताच्या चपळाईचाच विचार केला जातो. अर्ध्या तासात एक तांब्या, दोन वांगी आणि मागचे कापड ज्याने रंगविले त्याचा हात तयार आहे, असे मानण्यात येते. हा समज अगदीच चुकीचा नसला तरी अपुरा आहे. जलरंगाच्या बाबतीत दोन घड्याळे एकाच वेळी चालत असतात : एक भिंतीवरचे, दुसरे कागदातील पाण्याचे. पहिल्याची गती ठरलेली असते. दुसऱ्याची गती हवा, कागद आणि कुंचल्यातील पाणी यांवर अवलंबून राहते. या दोहोंची सांगड घालणे हीच अल्पमुदतीच्या चित्राची खरी कसोटी होय, आणि ही सांगड हाताच्या वेगापेक्षा निर्णयांच्या क्रमाने अधिक साधते.

याचे मूळ माध्यमाच्या घडणीत आहे. जलरंग म्हणजे अरबी डिंकात घोटलेले सूक्ष्म रंगकण. पारदर्शक पद्धतीत पांढरा रंग वापरीत नाहीत. कोऱ्या कागदाचा उजेड रंगाच्या पातळ थरातून परत येतो, तोच चित्रातील प्रकाश. तैलरंगाचा चित्रकार तांब्यावरची चकाकी अगदी शेवटी, दाट पांढऱ्या रंगाच्या एका फटकाऱ्याने ठेवू शकतो. जलरंगात मात्र ती जागा आरंभीच कोरी राखून ठेवावी लागते. म्हणजे डोळ्याला जे शेवटचे सजावटीचे टोक वाटते तो येथे पहिला निर्णय असतो. रंग वाळल्यावर फिकट होतो, हीदेखील याच माध्यमाची अडचण. सवड असली तर दुसरा आणि तिसरा थर देऊन सावली गडद करता येते. मुदत अर्ध्या तासाची असली म्हणजे वाळल्यानंतरची छटा आधीच ओळखून पहिल्याच हाताला पुरेसा गडद रंग घालणे भाग पडते. नवशिक्यांची अल्पमुदतीची चित्रे बहुधा धुवट दिसतात, त्याचे कारण भित्रेपणाइतकेच हे गणित न जमणे हेही असते.

ओल्या कागदाच्या अवस्था ढोबळमानाने तीन सांगता येतील. प्रथम पृष्ठभाग पाण्याने चकाकत असतो. या वेळी सोडलेला दुसरा रंग मऊपणे पसरतो आणि वांग्याच्या जांभळ्यात पार्श्वभूमीचा तपकिरी सहज मिसळतो. पुढे चकाकी जाते, पण कागदात ओल राहते. ही मधली अवस्था सर्वांत फसवी. तीत पाणीदार कुंचला टेकला की नवे पाणी बाजूच्या अर्धवट सुकलेल्या रंगात शिरते, तेथील कण पुढे ढकलते आणि फुलकोबीच्या कडेसारखा वेडावाकडा डाग उमटतो. तिसरी अवस्था पूर्ण कोरडेपणाची. तीत कडा धारदार येतात.

रंगाच्या लेपाची कडा वाळताना गडद का होते, याचा खुलासा १९९७ साली शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात कॉफीच्या डागाच्या निमित्ताने केला. थेंबाची कडा पृष्ठभागाला धरून राहते, तेथे बाष्पीभवन अधिक वेगाने होते, ती तूट भरून काढण्यासाठी आतील द्रव कडेकडे वाहतो आणि आपल्याबरोबर कणही नेतो. शोषक कागदावर ही क्रिया अधिक गुंतागुंतीची होते; तथापि घाईने सोडून दिलेल्या ओल्या डबक्याभोवती जी काळसर रेघ उमटते, तिचा उगम मुख्यतः या प्रवाहातच आहे. डबके टोकाशी कोरड्या कुंचल्याने टिपून घेणे ही कार्यशाळेतील जुनी सवय या दृष्टीने शास्त्रशुद्धच ठरते.

यावरून कामाची आखणी कशी करावी ते स्पष्ट होते. एक वस्तू पुरी करून तिला लागून असलेली दुसरी हाती घेणे, हा वरकरणी नीटनेटका क्रम अल्प मुदतीत घातक ठरतो. कारण शेजारची कडा नेमकी त्या फसव्या अवस्थेत असते. तांब्याचा पहिला लेप सुकत असताना त्याला न चिकटलेल्या लिंबाकडे वळावे, तेथून कापडाच्या दूरच्या घडीकडे जावे, आणि वस्तूंच्या पडछाया सर्वांत शेवटी कोरड्या कागदावर घालाव्यात, असा फेरा अधिक उपयोगी पडतो. मात्र त्याचे वेळापत्रक सर्वत्र एकच असू शकत नाही. कोकणातील आषाढात जो लेप बराच वेळ ओला राहतो तोच विदर्भातील वैशाखात पाहता पाहता सुकतो. तेव्हा मिनिटांवर बसविलेली पाठ पद्धत जेथे शिकली तेथेच चालते, दुसरीकडे दगा देते.

अल्पाक्षरी चित्र म्हणजे झटपट केलेले चित्र नव्हे, हेही येथे नोंदविले पाहिजे. पॉल सेझान (१८३९–१९०६) याच्या अखेरच्या वर्षांतील जलरंगी स्थिरचित्रांत कागदाचा मोठा भाग कोरा आहे, आणि पाहणाराला ती काही क्षणांत उतरल्यासारखी वाटतात. वस्तुतः सेझान अत्यंत सावकाश काम करीत असे. १९०४ मध्ये त्याला भेटलेल्या एमिल बर्नार्डने त्याची रीत वर्णिली आहे : प्रथम सावलीचा एक ठिपका, त्यावर किंचित बाहेर येणारा दुसरा, मग तिसरा. त्याने राखलेला कोरा कागद वेळ अपुरा पडल्याने उरलेला नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला शैक्षणिक बाजूही आहे. कला संचालनालयातर्फे घेण्यात येणाऱ्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांपैकी इंटरमीजिएट परीक्षेत स्थिरचित्र हा विषय आहे, आणि ते मुदतीतच पुरे करावे लागते. या श्रेणींवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून तयारीला शिकवणीचे रूप येणे अपरिहार्यच होते. मडक्याची सावली नेहमी उजवीकडे, कापडाच्या घड्या नेहमी तीन, चकाकी नेहमी खिडकीच्या आकाराची, असे साचे पाठ केले की मुदत सहज पाळता येते; फक्त समोर मांडलेल्या वस्तूंकडे पाहण्याची गरज उरत नाही. कालमर्यादेचा शैक्षणिक हेतू निवड करावयास लावणे हा असेल, तर साचा ती निवड मुलाच्या वतीने आधीच करून टाकतो.

परीक्षकाच्या हाती येतो तो वाळलेला कागद. तरीही त्यावर क्रमाच्या खुणा राहिलेल्या असतात. चकाकी राखलेल्या कागदाची आहे की मागाहून टेकविलेल्या पांढऱ्या रंगाची. पडछाया वस्तूच्या तळाशी कोठे धारदार आणि कोठे मिसळलेली आहे. ती त्या दालनातील उजेडाच्या दिशेशी जुळते काय. कोरा सोडलेला भाग आकाराला आधार देतो की नुसताच राहून गेला आहे, हे सर्व त्या कागदावरून वाचता येते. त्यासाठी प्रत्येक चित्रापाशी काही मिनिटे थांबावे लागते आणि वस्तूंची मांडणी व खिडकी कोणत्या बाजूस होती याची नोंद जवळ असावी लागते. हजारो कागद थोड्या दिवसांत तपासावयाचे असता ही सवड मिळणे कठीण, आणि सवड नसली की नजर पूर्णत्वाकडे, म्हणजे काठोकाठ रंगविलेल्या कागदाकडेच आधी जाते.